त्रेचाळीस दिवसांची नजर

नाशिकरोड,
२० ऑगस्ट १९८१

चि. चतुरा हिस,
सप्रेम जय भीम.

अक्षर ओळखलं असशीलच. पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय तीही वाईट बातमी. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण एवढं वाचून मग फाड. आई गेली. २ ऑगस्टला, रविवारी सकाळी सहाच्या सुमारास. चार दिवस ताप होता, छाती भरली होती. गेणू उशाशी बसलेला होता, त्याच्या हातात हात होता. त्रास फार झाला नाही.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. आपल्या विहाराच्या कमिटीचे कारभारीदादा म्हणत होते, घोटीला माणूस धाडतो, सुनेला कळायला नको का. मीच म्हटलं, इगतपुरी-घोटीकडे पाऊस केवढा, कशाला कुणाला त्रास. पावसाचं आपलं निमित्त. तू आलेली मला नको होतीस, हे खरं. आता अठरा दिवस झाले, जलदान विधीही उरकला, तेव्हा लिहिते आहे. काय बोलायचं ते बोल मला.

दुसरी गोष्ट म्हणजे आईचे डोळे आम्ही दिले. तिनेच सांगून ठेवलं होतं. आपल्या वसाहतीत असं कुणी केलं नव्हतं. शेजारची नवसाबाई दारातच ओरडली, "अगं झुंबर, म्हातारीला आंधळी करून धाडती काय? पोटच्या पोरीनं असं करावं व्हय?" मी तिला म्हटलं, मावशी, आंधळं म्हणजे काय ते आमच्या घराला शिकवू नका. पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवला, उशी उंच केली, पंखा बंद केला. सहा तासांच्या आत काढावे लागतात. डॉक्टर स्कूटरवरून थर्मास घेऊन आले. वीस मिनिटांचं काम. नंतर आईचा चेहरा होता तसाच होता, बायकांनी मुद्दाम वाकून वाकून पाहिला.

गेणू पडवीत खांबाला धरून उभा होता. डॉक्टर बाहेर आले तसं त्याने विचारलं, "आईचा मला नाही का बसवता येणार?" डॉक्टर त्याच्याजवळ थांबले. म्हणाले, तुझा डोळा अजून लाल आहे, तो शांत झाल्याशिवाय बसवून उपयोग नाही, आणि यादी असते, ज्याचा नंबर त्याला मिळतो. आईचे डोळे त्याच दुपारच्या गाडीने मुंबईला गेले. कुणा दोघांना बसले असतील. गेणू हूं म्हणाला आणि परत खुर्ची विणायला बसला. हो, तो आता खुर्च्या विणतो, वेताच्या. तुला माहीत नसेल. ड्रायव्हरची नोकरी गेल्यावर दीड वर्ष नुसता भिंतीकडे तोंड करून बसायचा, मग शिकला. अर्ध्या जिल्ह्याचे साहेब त्याच्या खुर्च्यांवर बसतात.

मुद्द्याचं ते पुढे आहे. त्याच डॉक्टरांनी नंतर त्याला तपासलं. डावा डोळा गेलाच. उजव्याला मात्र आशा आहे म्हणाले. मला त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखी एक चकती असते. सगळ्या अंगात रक्त फिरतं, त्या चकतीत मात्र रक्ताची एक शीर नसते, म्हणून ती आरपार असते आणि म्हणून आपल्याला दिसतं. चुन्याने ती भाजली की तिला वाचवायला आजूबाजूच्या शिरा धावून आत शिरतात आणि त्याच तिला गढूळ करतात. आपण ज्याला फूल पडलं म्हणतो ते हेच. ती गढूळ चकती कापून मेलेल्या माणसाची स्वच्छ चकती शिवायची. चुन्याच्या डोळ्यात ती टिकणं कठीण असतं, तरी प्रयत्न करू म्हणाले.

जायच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली, "चतुरीला बोलव. लय वाईट केलं आपण तिचं. मी बी गप ऱ्हायले." तापात बोलत होती. तिचं मन राखायचं म्हणून लिहिते, येऊन जा एकदा. तुझ्या हातून तांब्या पडला, तू घाबरली होतीस, मी मनातून तुला कधीच माफ केलं आहे. फक्त त्या दिवसाचं काही उकरून काढायचं नाही, एवढं पाळ.

तुझी नणंद,
झुंबर


नाशिकरोड,
१४ सप्टेंबर १९८१

चतुरा,
जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. बाई, पोस्टकार्डावर लिहिलंस! आंतरदेशीय मिळत नाही का घोटीला? "तांब्या माझ्या हातून पडला नाही. तुम्ही हिसकला. हे त्यांना तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा, मग मी येते." पोस्टमनने वाचलं असणार, माझ्याकडे बघून कसंनुसं हसला मेला. आणि ज्याने वाचायला हवं त्याच्याच हातात ते आधी पडलं. गेणूने कार्ड बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "कुणाचं गं ताई?"

मी म्हटलं, शाळेचं आहे. मीटिंग आहे.

त्यानंतर चार दिवस मी कार्ड वहीत घालून हिंडले. वर्गात पोरं पाढे म्हणत होती आणि माझं लक्ष वहीत. तर आता ऐक. मीच हिसकला.

आई नाही, हे माहीत असलेल्या आता तू आणि मी दोघीच उरलो. तेव्हा तुझ्यापाशी तरी सरळ बोलते. रविवार होता, जयंती तीन दिवसांवर. गेणू अंगणात पिंपात कळीचा चुना विझवत होता, विहाराच्या भिंतींना द्यायला. नीळ तू कुटून ठेवली होतीस. चुना खदखदत होता, वाफ निघत होती, आणि मी ओट्यावर बसून पोरांच्या वह्या तपासत होते. उकळी बसल्यावर गेणूने बांबूने तळ ढवळला, एक खडा फुटला आणि सगळा रबडा त्याच्या तोंडावर उडाला. तो "पाणी! पाणी!" ओरडला. तू हातातली नीळ टाकून रांजणाकडे धावलीस, तांब्या भरून आणलास. तुझी अक्कल शाबूत होती. मी मधे आले. "पाणी नको! उकळेल!" असं ओरडले आणि तांब्या हिसकून लांब फेकला.

मला कसं माहीत होतं? मी शिकवत होते ना! चुन्यावर पाणी पडलं की उष्णता निर्माण होते. त्याच महिन्यात वर्गात डबीत चुना घेऊन प्रयोग करून दाखवला होता, पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला वाटलं, डोळ्यात चुना आणि वर पाणी, म्हणजे पिंपासारखा डोळाच उकळेल. म्हणून मी खोबरेल तेल ओतलं. डोळे दाबून धरायला सांगितलं. शिकलेली बाई सांगतेय म्हटल्यावर सगळे गप्प. तू एकटी "पाणी टाका हो, पाणी टाका" म्हणत होतीस, त्यावर मी तुला अडाणी म्हटलं. टांगा मिळून इस्पितळात जाईपर्यंत पाऊण तास गेला.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी डोकं धरलं. विझलेला चुना आणखी काय उकळणार? अर्धा तास नुसतं पाणी ओतलं असतं तर निम्मी नजर राहिली असती, म्हणाले. मग मोठ्याने विचारलं, "पाणी का मारलं नाही? कोण शहाणं होतं तिथे?" गेणू पट्ट्या बांधून तिथेच पडलेला. ऐकत होता. माझ्या तोंडून निघालं, "ही पाणी घेऊन येत होती, घाबरली, तांब्या पडला हिच्या हातून." आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तू म्हणालीस, खोटं आहे. पण दुखण्याने तो वेडापिसा झालेला, तुझा माझा आवाज वेगळा करण्याच्या अवस्थेत तो त्या अंगणातही नव्हता. त्याने लहानपणापासून माझ्यावर विश्वास ठेवला, त्या दिवशीही ठेवला. पुढे तो तुझ्याशी बोलेना, तुझ्या हातचं जेवेना, आणि पावसाळ्याआधी तू पिशवी उचलून घोटीला निघून गेलीस. मी अडवलं नाही.

असं का केलं, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. पहिलं तोंडून गेलं ते भीतीने. नंतरचं मात्र भीतीने नाही. बाबा गेले तेव्हा गेणू सात वर्षांचा होता, मी त्याला वाढवला, माझं लग्न त्यातच राहून गेलं. तू आलीस आणि तो कामावरून आला की "चतुरे" अशी हाक मारत घरात शिरायचा. आधी "ताई" म्हणायचा. मला ते लागायचं गं. तू गेल्यावर तो पुन्हा ताई म्हणायला लागला. झालं तुझं समाधान?

त्याला सांगेन. पण डॉक्टरांनी सांगितलंय, डोळा शांत राहायला हवा, चिडायचं नाही, रडायचं नाही. ऑपरेशन होऊ दे.

झुंबर


नाशिकरोड,
१० जानेवारी १९८२

चतुरा,
जय भीम.

ऑपरेशन झालं. ५ तारखेला, मुंबईला. काल रात्री त्याला घेऊन आले, पट्टी आहे अजून.

मुंबईच्या इस्पितळात आम्ही अकरा दिवस वाट पाहत पडून होतो. डोळा मिळाला की चोवीस तासांत बसवावा लागतो, म्हणून आधीच भरती करून घेतात. कसली वाट पाहणं ते! वॉर्डात सहा जण, आणि रोज सकाळी प्रत्येकाच्या मनात एकच, की कुणीतरी जावं. शेजारच्या खाटेवर वणीचा एक म्हातारा द्राक्षवाला होता, तो मला म्हणायचा, "बाई, रोज सप्तशृंगीला हात जोडतो, पण मागायचं काय तेच कळत नाही. कुणाला मार म्हणू?" गेणू हसायचा. किती दिवसांनी हसलेला पाहिला मी त्याला. पाच तारखेला पहाटे नर्स आली, म्हणाली चला. कुणाचा ते सांगत नाहीत. एवढंच कळलं की बाई होती, वय बावन्न, आणि तिच्या मुलाने स्वतः फोन केला होता.

मी इथेही डोळे मागायचंच काम करते, तुला ऐकून हसू येईल. आई गेल्यापासून वसाहतीत, गोसावीवाडीत, पार देवळालीपर्यंत जाते. कुणाचं माणूस अंथरुणाला खिळलंय कळलं की जाऊन डोळ्यांचं बोलते. पाच महिन्यांत तीन घरांनी दिले. पण आता मी गल्लीत शिरले की लोक आजाऱ्याला आत नेतात. नवसाबाईने मला नावच ठेवलंय, डोळेवाली. परवा तिला साधं पडसं झालं होतं, मी तब्येत विचारायला गेले तर पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आतून म्हणते, "मी बरी हाय, जा तू!" कारभारीदादा सगळ्यांना कौतुकाने सांगतात, झुंबरताई भावासाठी केवढं करतात. मी ऐकून घेते.

त्याला अजून सांगितलं नाही. डॉक्टरांनी बजावलंय की महिनाभर रडू द्यायचं नाही, खोकू द्यायचं नाही, जड उचलू द्यायचं नाही. केसापेक्षा बारीक सोळा टाके आहेत. तूच सांग, आता सांगू का?

झुंबर


नाशिकरोड,
३ फेब्रुवारी १९८२

चतुरा,

गेणूला दिसतंय.

२० जानेवारीपासून. पट्टी आधीच काढली होती पण नुसताच उजेड कळत होता. त्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते, तर मागून म्हणाला, "ताई, तुझं पातळ हिरवं आहे ना?" गाळणं माझ्या हातून चुलीत पडलं. जवळ येऊन त्याने माझं तोंड पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "तू म्हातारी झालीस की गं!" आम्ही दोघं हसलो. मी रडणार होते, पण त्याला रडायचं नाही म्हणून मीही आवरलं.

रोज थोडं जास्त स्वच्छ दिसतं. डॉक्टर बॅटरी मारून बघतात आणि म्हणतात, सुरेख, काचेसारखी आहे. मलाही भिंगातून दाखवली. पाच वर्षं त्या जागी दुधाळ पांढरं होतं, आता आत तपकिरी बुबुळ दिसतं, आपल्या गेणूचं. कडेने टाक्यांचं नक्षत्र. मी बघतच राहिले.

हा सगळीकडे हिंडतो. स्वतः विणलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि म्हणाला, ही वीण तिरकी गेलीय, साहेब लोक बोलले कसे नाहीत. विहारात जाऊन भिंती पाहून आला. स्टेशनवर जाऊन गाड्यांच्या पाट्या वाचतो आणि घरी येऊन मला सांगतो, जशा मी कधी पाहिल्याच नाहीत.

आणि परवा जेवताना म्हणाला, "चतुराचा फोटो कुठाय? लग्नातला?"

ट्रंकेत आहे, माझ्या लुगड्यांखाली, मीच ठेवलाय. मी म्हटलं, वाळवी लागली रे, गेला तो.

तो म्हणाला, "मला तिचं तोंड नीट आठवत नाही. आवाज आठवतो. तोंड पुसट झालंय." मग म्हणाला, "घाबरून तांब्या पडला तर पडला. त्यात तिचा काय दोष गं? मीच लय ताणलं."

बघ, तो तुला माफ करायला निघालाय! जे तू केलंच नाहीस त्याबद्दल. आणि मी समोर बसून त्याला भाकरी वाढत होते. तेव्हा सांगायला हवं होतं, घास अर्धा टाकून सांगायला हवं होतं. मी म्हटलं, जेव आधी.

पुढच्या आठवड्यात नक्की सांगते. तुझ्या पायांची शपथ.

झुंबर


नाशिकरोड,
२५ फेब्रुवारी १९८२

चतुरा,

तुझं दुसरं कार्ड आलं. "त्यांना दिसतंय तोवर सांगा." एवढंच. या वेळी मी ते लपवलं नाही, त्याने वाचण्याआधी फाडलं. आता त्याला वाचता येतं, म्हणून.

तो घोटीला निघाला होता. रविवारी सकाळी केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मी म्हटलं, टाके काढल्याशिवाय एस.टी.चे धक्के नकोत, डॉक्टर रागावतील. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. त्याने शर्ट काढून खुंटीला टांगला. माझं सगळं ऐकतो गं तो अजून.

मला कळत नाही असं नाही. रोज सकाळी ठरवते, शाळेतून आले की सांगायचं. दारात तो उभा असतो, लांबून मला ओळखतो, हात हलवतो. त्या तोंडावर बघून कसं सांगू? अंधार होता तेव्हा सांगणं सोपं होतं, त्याने माझं तोंड तरी पाहिलं नसतं.

शनिवारी सांगते.

झुंबर


नाशिकरोड,
१८ मार्च १९८२

चतुरा,

४ मार्चला सकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "ताई, आज धुकं आहे का?" मार्चात कसलं धुकं? ऊन लखलखीत होतं. मी म्हटलं, थोडं आहे. दोन वाजेपर्यंत त्याने वाट पाहिली धुकं जायची. मग म्हणाला, डोळा दुखतोय.

डॉक्टरांकडे नेलं. बॅटरी मारली आणि या वेळी लगेच औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. दर तासाला थेंब, सुया, सगळं झालं. पंधरा दिवसांत कडेने लाल शिरा आत शिरल्या. दुसऱ्याची चकती शरीराने ओळखली आणि नाकारली, असं ते म्हणाले. कुणाची चूक नाही, चुन्याच्या डोळ्यात बहुतेक असंच होतं. पुन्हा करता येईल का विचारलं, तर नाही म्हणाले.

आज पूर्ण पांढरं आहे. गेणू म्हणतो, उजेड कळतो, खिडकी कुठे ते कळतं. मला धीर देतो. "त्रेचाळीस दिवस दिसलं ताई, पुष्कळ झालं. त्या बाईला तर पुन्हा काहीच दिसायचं नव्हतं, तिने दिलं." त्याने दिवस मोजले होते.

त्रेचाळीस दिवसांत त्याने माझं तोंड रोज पाहिलं. तुझं एकदाही नाही. घोटी इथून दीड तासावर. चतुरा, मी काय करून बसले गं!

झुंबर


नाशिकरोड,
३० मार्च १९८२

चतुरा,
जय भीम.

सांगितलं. काल, शाळेतून आल्यावर, चपला न काढता. तो खुर्ची विणत होता. तांब्या, तेल, इस्पितळातलं खोटं, तुझी दोन्ही कार्डं, ट्रंकेतला फोटो, एस.टी.चे धक्के, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं.

त्याने वेत हातातून सोडला नाही. विचारलं, "कार्डावर तिने काय लिहिलं होतं, शब्द सांग." मी शब्द सांगितले. दुसऱ्याचेही सांगितले. ते ऐकून तो उठला आणि भिंतीला धरून मोरीपाशी गेला, तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. मी टॉवेल पुढे केला तो घेतला नाही, शर्टाला पुसलं.

मग म्हणाला, "पाणी अडवलंस ते चुकून. तुला तसंच वाटलं, मी समजतो. पण हे त्रेचाळीस दिवस अडवलेस ना ताई, ते चुकून नाही."

खरं होतं ते. चतुरा, मला वाटत होतं तो ओरडेल, काही फेकून मारेल. त्याने फोटो मागितला. मी ट्रंकेतून काढून दिला. तो घेऊन बसला, अंगठा काचेवरून फिरवत. आता काय उपयोग त्याचा!

रविवारी, ४ एप्रिलला, तो घोटीला येतोय. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाला. दहाच्या गाडीत बसवून दे, कंडक्टरला सांग, बस्स. घोटी स्टँडवर साडेअकरापर्यंत उतरेल. "ती आली तर आली. नाही आली तर बाकावर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन. तिला बळजबरी लिहू नको," असं त्याने बजावलंय. म्हणून बळजबरी करत नाही. तुला यायचं नसेल तर माझी तक्रार नाही, तुला तो हक्क आहे.

पण गेलीस तर आधी तू बोल. तुझ्या पुढ्यात काय बोलायचं, याची त्याला लाज वाटते आहे. आणि उजव्या बाजूला उभी राहा, तिकडून त्याला सावली कळते.

झुंबर


नाशिकरोड,
५ एप्रिल १९८२

चतुरा,
जय भीम.

काल संध्याकाळी पाचपासून मी स्टँडवर होते. घोटीहून साडेपाचची आली, त्यात तो नव्हता. सातची आली, तीतून गर्दी उतरली, मी प्रत्येकाचं तोंड पाहिलं. कंडक्टर तोच होता, सकाळचा. मला ओळखून म्हणाला, "बाई, ते आंधळे भाऊ ना? त्यांना न्यायला आली होती कुणीतरी. बराच वेळ त्यांच्या पुढ्यात उभी होती, मग गेली हाताला धरून." मी विचारलं, कोणत्या बाजूला उभी होती? तो म्हणाला, ते कुठे लक्षात राहतंय बाई.

नंतरच्या दोन गाड्यांपर्यंत मी बसून राहिले. तो आला नाही. तो परत येऊ नये असं मला वाटत होतं, आणि प्रत्येक गाडीला मी उठून उभी राहत होते, हे दोन्ही खरं आहे. घरी आले, एक भाकरी केली, आणि रडले. पोटभर रडले. आता मला कुणी मनाई केलेली नाही.

त्याचे दोन शर्ट, स्वेटर आणि विणायची हत्यारं पार्सलने पाठवते आहे. वेताच्या जुड्या कारभारीदादांच्या ओळखीच्या ट्रकमधून येतील. डोळ्यात आता थेंब घालायची गरज नाही, फक्त धूर लागू देऊ नको, तिकडच्या भातगिरण्यांचा कोंडाही. चहात साखर कमी लागते त्याला हल्ली.

त्याला सांग, ताईची आठवण काढू नको, असं लिहिणार होते. पण ते खोटं झालं असतं. त्याने काढावी.

झुंबर